प्रकाशरेषा छायाचित्रण (उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर)

रात्री कॅमेऱ्याचे शटर काही सेकंद उघडे ठेवून धावत्या वाहनांच्या दिव्यांचे माग टिपण्याची पद्धत. उल्हासनगर व अंबरनाथमधून जाणारा कल्याण–बदलापूर रस्ता आणि अंबरनाथ, बदलापूर येथील रेल्वेवरचे उड्डाणपूल यासाठी सोयीचे आहेत.

ताशी ६० किमी वेगाची मोटार १५ सेकंदांत सुमारे २५० मीटर जाते. एका जागी ती इतकी कमी रेंगाळते की तिचा देह चित्रात उमटत नाही. प्रखर दिवे मात्र अखंड रेघ ओढतात. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे रस्त्याच्या मध्यरेषेवरील पुलावरून पाहता डावीकडे मागच्या दिव्यांची लाल रेघ, उजवीकडे समोरून येणारी पांढरी. दुचाकीची रेघ एकेरी, तर उघडझाप करणाऱ्या इंडिकेटरची तुटक पिवळी. गर्दीचा रस्ता म्हणूनच मोकळ्या महामार्गापेक्षा अधिक बोलका ठरतो.

आयएसओ १००, छिद्र एफ/८ ते एफ/१६ आणि १० ते ३० सेकंद, ही नेहमीची मापे. ट्रायपॉड अपरिहार्य. पुलावरून जड ट्रक गेला की कठडा थरथरतो आणि रेघ नागमोडी होते, तेव्हा कंप ओसरेपर्यंत थांबावे. सूर्यास्तानंतरचा निळा संधिप्रकाश सर्वोत्तम. पावसाळ्यात ओला डांबरी रस्ता रंग दुप्पट करतो.

१९४९ मध्ये छायाचित्रकार जॉन मिली यांनी पाब्लो पिकासोची प्रकाशचित्रे उघड्या शटरच्या याच तत्त्वावर टिपली.

पुलाच्या वाहत्या मार्गिकेत ट्रायपॉड कधीही लावू नये.