नसलेल्या पोटरीत येणारा गोळा

अपघातात पाय गमावलेले रुग्ण जखम भरल्यावर तपासणीला येतात. सगळे बोलून झाले की, नातेवाईक बाहेर गेल्यावर, हळूच विचारतात, "डॉक्टर, जो पाय नाहीच त्याची बोटं दुखतात. माझ्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?"

तुमच्या मनातही हा प्रश्न असेल, तर उत्तर आहे: नाही. प्रश्न मात्र फार जुना आहे. सोळाव्या शतकात अँब्रोझ पारे या फ्रेंच शल्यविशारदाने लिहून ठेवले आहे, की पाय कापून बरेच दिवस झाले तरी रुग्ण त्याच पायात दुखत असल्याची तक्रार करतात. या त्रासाला नाव मिळायला मात्र आणखी तीनशे वर्षे गेली.

ते नाव दिले फिलाडेल्फियाच्या डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. हजारो सैनिकांचे हातपाय कापावे लागले. मिचेल मज्जातंतूंना इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत होते. गंमत म्हणजे, हा त्रास त्यांनी लोकांपुढे आणला तो एका कथेतून. 1866 मध्ये 'अटलांटिक मंथली' मासिकात ती लेखकाच्या नावाविना छापून आली. कथेतला जॉर्ज डेडलो शुद्धीवर येतो, डाव्या पोटरीत गोळा आलाय म्हणून सेवकाला ती चोळायला सांगतो, आणि तेव्हा त्याला कळते की आपले दोन्ही पाय कापले आहेत. वाचकांना ही खरी हकिकत वाटली. लोकांनी डेडलोसाठी पैसे जमवले, काही जण त्याला भेटायला रुग्णालयात गेले!

पुढे 1871 मध्ये मिचेल यांनी याला 'फँटम लिंब' म्हटले. त्यांनी पाहिलेल्या 90 रुग्णांपैकी 86 जणांना गेलेला अवयव जाणवत होता. फँटम म्हणजे भूत. हे नाव मला फारसे आवडत नाही. आपल्याकडे लगेच कुणीतरी अंगारा आणायला निघते. खरे कारण साधे आहे. मेंदूत आपल्या शरीराचा नकाशा असतो. पाय गेला तरी नकाशातली त्याची जागा पुसली जात नाही. 1990 च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी यावर एक स्वस्त युक्ती काढली. आरसा असा ठेवायचा, की शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल. शाबूत हाताची मूठ उघडली, की आवळलेली 'नसलेली' मूठही सुटल्यासारखी काहींना वाटते. सगळ्यांना गुण येत नाही. पहिल्यांदा पाहताना कुणाला गरगरते, कुणाला रडू कोसळते. म्हणून हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. औषधेही आहेत, पण त्यासाठी दुखणे आम्हाला सांगायला हवे.

अर्थात दु:ख वेदनेपुरतेच नसते. पूर्वीच्या परदेशी घडणीच्या पायांनी मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, बूट घालावाच लागे. ज्याला चिखलात उतरायचे आहे, पंगतीत बसायचे आहे, त्याने तो पाय कोपऱ्यात ठेवून कुबड्याच घेतल्या तर नवल काय? 1968 च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा, अनवाणी चालता येईल असा पाय घडवला. शर्माजींचे शिक्षण बेताचेच होते, पण माणूस घरात कसा बसतो हे त्यांना ठाऊक होते. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांचा पाय 1981 च्या बस अपघातानंतर गेला. 1984 मध्ये त्या जयपूर फूट लावून पुन्हा रंगमंचावर नाचल्या.

मात्र ही उदाहरणे घरच्यांनी रुग्णाला पहिल्याच आठवड्यात ऐकवू नयेत. त्या वेळी त्याला रडू द्या, चिडू द्या, पाय बघायचा नसेल तर नका दाखवू. पण झोप आणि भूक दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उडालेली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे तो बोलू लागला, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. लगेच घेऊन या.