तयार कोण नव्हतं?

अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल कुणाकडे जाणार, हे क्वार्टरबॅक क्षणात ठरवतो. म्हणून तिथली कॉलेजं हुशार क्वार्टरबॅक शाळेतूनच हेरतात.

१९७१ मध्ये अलाबामातल्या हंट्सव्हिलचा कॉन्ड्रेज हॉलोवे असाच हेरला गेला. अलाबामा विद्यापीठाचे कोच बेअर ब्रायंट यांना तो हवा होता, पण क्वार्टरबॅक म्हणून नाही. मुलगा कृष्णवर्णीय होता. अलाबामा अजून त्यासाठी तयार नाही, असं त्यांनी सरळच सांगितलं. माँट्रियलच्या बेसबॉल संघानेही त्याला पहिल्याच फेरीत निवडलं होतं. पण तो अजून सज्ञान नव्हता आणि आईने करारावर सही केली नाही. आधी कॉलेज!

शेजारच्या टेनेसीने त्याला क्वार्टरबॅक होण्याची संधी दिली. १९७२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्समधला पहिला कृष्णवर्णीय स्टार्टिंग क्वार्टरबॅक तोच ठरला. पुढे १९७५ मध्ये एनएफएलने त्याला निवडलं, तेही बचावफळीसाठी. मग तो कॅनडात गेला, क्वार्टरबॅकच राहिला आणि दोनदा ग्रे कप जिंकला.

ऑफिसात इंटरव्ह्यू घेताना ‘हा आपल्या टीममध्ये बसेल का?’ असं मीही लिहून टाकायचो. आता तिथे हात थांबतो. कमी उमेदवारात आहे, की आमच्यात?