हैती स्वतंत्र झाला, कोर्टाची भाषा मात्र मालकाचीच राहिली

हैतीच्या क्रांतीचा दाखला आपण भाषणांत देतो. १७९१ मध्ये फ्रेंचांच्या ऊसमळ्यांतल्या गुलामांनी उठाव केला, पुढे नेपोलियनच्या फौजेला हरवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र केला. एक गोष्ट मात्र आपण सांगत नाही. लढणारे क्रेओल बोलत होते, आणि स्वातंत्र्याची घोषणा लिहिली गेली फ्रेंचमध्ये!

क्रेओल म्हणजे 'मोडकी फ्रेंच', ही मालकांची व्याख्या. शब्द बरेचसे फ्रेंचमधून आले हे खरे, पण व्याकरण तिचे स्वतःचे आहे. भूतकाळासाठी क्रियापदाआधी 'ते', चालू क्रियेसाठी 'आप' लावतात. क्रियापद बदलत नाही. आपल्या बोलीला 'अशुद्ध' म्हणणारे मास्तर आपल्यालाही माहीत आहेत. गरज पडली तेव्हा सत्तेला हीच 'मोडकी' भाषा चालली. १७९३ मध्ये सोंतोना या फ्रेंच अधिकाऱ्याने गुलाममुक्तीचा जाहीरनामा क्रेओलमध्येही काढला होता.

स्वतंत्र हैतीत कायदा, कोर्ट, शाळा सगळे फ्रेंचमध्येच राहिले. खेड्यातल्या माणसाच्या जमिनीचा कागद त्याला न कळणाऱ्या भाषेत. १९१८ मध्ये, देश अमेरिकी फौजेच्या ताब्यात असताना, संविधानाने फ्रेंचला अधिकृत भाषा ठरवले. क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीचा अधिकृत दर्जा मिळाला तो १९८७ च्या संविधानाच्या पाचव्या कलमाने. म्हणजे स्वातंत्र्यानंतर १८३ वर्षांनी. आजही तिथले बहुतेक कायदे फ्रेंचमध्येच निघतात.

पण मित्रांनो, 'मातृभाषेतून शिकवा' एवढे म्हणून आम्ही थांबणार नाही. १९७९ मध्ये शिक्षणमंत्री जोसेफ बर्नार यांच्या सुधारणेने क्रेओल शाळेत आणली, तेव्हा विरोध करणाऱ्यांत गरीब आईबापही होते. त्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. त्यांचा हिशेब साधा होता: नोकरी फ्रेंचमध्ये, साहेब फ्रेंचमध्ये, मग आमच्याच पोराला क्रेओल का? वरच्या वर्गाची मुले तर फ्रेंचच शिकत होती. आपल्या वस्तीतली आई पोटाला चिमटा काढून पोराला इंग्रजी शाळेत घालते, तेव्हा तिला मातृभाषेचे प्रवचन देणाऱ्यांची मुले कुठे शिकतात, हे आम्ही विचारतोच.

म्हणून आमचे भांडण त्या आईबापांशी नाही. पोराला क्रेओलमधून समजले पाहिजे आणि फ्रेंचही नीट आली पाहिजे, हे दोन्ही देणे सरकारचे काम होते. आणि शाळेआधी बदलायला हवे होते कोर्ट. जमिनीचा कागद आणि न्यायाधीशाचा निकाल क्रेओलमध्ये आला असता, तर त्या बापाला आपल्या भाषेची भीती वाटली नसती.