क्रूझवर जाताना : केबिन, भोंगा आणि जहाजाचे घड्याळ

दोन पिढ्यांपूर्वीच्या मुंबईकराला समुद्रप्रवास म्हटला की भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणबोट आठवत असे. डेकवर पसरलेली पथारी, सोबत फराळाचा डबा आणि आपले बंदर आले की बोटीतून पडावात व पडावातून किनाऱ्यावर, असा तो प्रवास. चैनीसाठी जहाजावर जाण्याची कल्पना मुंबईत रुजली ती त्यानंतर बऱ्याच काळाने. २००५ मध्ये स्टार क्रूझेसचे 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईच्या बंदरात आले तेव्हा 'क्रूझ' हा शब्द मध्यमवर्गीय घरांत ऐकू येऊ लागला. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे १९९० साली बांधलेले जहाज मुंबईहून प्रवासी नेऊ लागले. सिंगापूरची चार दिवसांची सफर, भूमध्य समुद्रातील आठवडा किंवा अलास्काच्या हिमनद्या हेही आता सहल कंपन्यांच्या नेहमीच्या यादीत असतात आणि प्रवाशांत निवृत्त जोडप्यांचे प्रमाण मोठे असते.

जहाजांचा आकारही आता कल्पनेपलीकडे गेला आहे. 'टायटॅनिक' सुमारे ४६ हजार टनांचे होते. २०२४ मध्ये प्रवासी सेवेत आलेले 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे अडीच लाख टनांचे असून त्यावर साडेसात हजारांच्या आसपास प्रवासी राहू शकतात. एवढे मोठे तरंगते गाव सुरळीत चालते ते वेळापत्रकावर आणि कागदपत्रांवर. जाहिरातीत या दोन्हींचा उल्लेख नसतो. सहल बिघडते ती मात्र बहुधा याच दोन ठिकाणी.

भारतीय प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे व्हिसा. विमानप्रवासात माणूस एखाद्या देशात एकदा शिरतो आणि एकदा बाहेर पडतो. जहाज मात्र एकाच सफरीत दोन-तीनदा सीमा ओलांडते. बार्सिलोनाहून किंवा अथेन्सच्या पिरिअस बंदरातून निघालेले जहाज मध्ये तुर्कस्तान वा ट्युनिशियाच्या बंदरात जाऊन परत आले, तर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा परतीला उपयोगाचा राहत नाही. त्यासाठी अनेक प्रवेशांची मुभा देणारा व्हिसा हवा. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या सफरींनाही हाच विचार लागू पडतो. अलास्काचा पेच आणखी निराळा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून थेट दुसऱ्या अमेरिकी बंदरात प्रवासी नेऊन सोडू नयेत, असा त्या देशाचा १८८६ चा कायदा आहे. त्यामुळे सिअ‍ॅटलहून सुटणारी बहुतेक जहाजे वाटेत कॅनडातील व्हिक्टोरिया बंदरात काही तासांसाठी थांबतात. त्या काही तासांपायी भारतीय प्रवाशाला अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा काढावा लागतो. 'आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही' हा युक्तिवाद धक्क्यावर चालत नाही. कागद अपुरे असतील तर कंपनी प्रवाशाला जहाजावर घेत नाही, आणि पैसेही सहसा परत मिळत नाहीत. व्हिसाचे नियम वारंवार बदलत असल्याने शेजाऱ्याच्या गतवर्षीच्या अनुभवावर विसंबू नये. बंदरांची यादी समोर ठेवून प्रत्येक देशाची अट स्वतंत्रपणे तपासावी.

दुसरा कागद विम्याचा. मोठ्या जहाजांवर डॉक्टर, परिचारिका आणि लहानसा दवाखाना असतो. रक्ताच्या काही तपासण्या, क्ष-किरण, सलाइन एवढ्यापर्यंत सोय असते. ते रुग्णालय मात्र नव्हे. हृदयविकाराचा झटका किंवा मोडलेले खुब्याचे हाड यांवर पुढचे उपचार किनाऱ्यावरच होतात आणि किनारा एक-दोन दिवसांच्या अंतरावर असू शकतो. कधी रुग्णाला हेलिकॉप्टरने न्यावे लागते. जहाजावरील उपचारांचे बिल प्रवाशाच्या खात्यावर, बहुधा डॉलरमध्ये, चढते आणि विमा कंपनीकडून ते नंतर मागून घ्यावे लागते. म्हणून पॉलिसी घेताना तीत सागरी सफर आणि रुग्णाला हलविण्याचा खर्च समाविष्ट आहे का, पूर्वीपासूनच्या आजारांविषयी काय म्हटले आहे, हे वाचून पाहावे. मधुमेह, रक्तदाब यांच्या गोळ्या सफरीपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील एवढ्या घ्याव्यात आणि औषधांची रासायनिक नावे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. गर्भवतींसाठी बहुतेक कंपन्यांची मर्यादा २४ आठवड्यांची असते आणि सहा महिन्यांखालील बाळांना सहसा प्रवेश मिळत नाही.

केबिन निवडताना लोक खिडकी आहे की बाल्कनी एवढेच पाहतात. ज्यांना बोट लागते त्यांनी केबिन जहाजात कुठे आहे ते आधी पाहावे. जहाज झोपाळ्यासारखे नव्हे, तर 'सी-सॉ'सारखे हलते. टोकांना हेलकावे जास्त आणि मध्यभागी कमी. तसेच वरच्या मजल्यांपेक्षा खालच्या मजल्यांवर डुलणे कमी जाणवते. मधल्या भागातील, खालच्या मजल्यावरील स्वस्त केबिन ही अशा प्रवाशासाठी सर्वांत वरच्या महागड्या बाल्कनीपेक्षा केव्हाही बरी. डोक्यावरच्या मजल्यावर नाचघर किंवा स्वयंपाकघर नाही ना, हेही नकाशात पाहून घ्यावे.

मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात. त्यामुळे एरवी हेलकावे फारसे जाणवत नाहीत. तरी खुल्या समुद्रात वारा वाढला की सवय नसलेल्या पोटाची परीक्षा होतेच. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो, हे कोकणातील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. बोट लागल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही, ती आधी घ्यावी लागते. या गोळ्यांनी गुंगी येते, मद्याबरोबर त्या घेऊ नयेत आणि ज्येष्ठांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. मळमळू लागल्यास केबिनमध्ये पडून पुस्तक वाचणे हा सर्वांत वाईट उपाय. मोकळ्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर उभे राहून क्षितिजाकडे पाहत राहावे. पोट अगदी रिकामे ठेवू नये. कोरडे, साधे खावे. घरून नेलेला आलेपाक इथे खरोखर कामाला येतो.

जहाजावर पाऊल ठेवताच प्रवाशांचा ओढा असतो जेवणाकडे. त्याच दिवशी प्रत्येक प्रवाशाला सुरक्षा कवायत करावी लागते. लोकांना तिचा कंटाळा येतो. काहीजण लपून राहण्याचाही प्रयत्न करतात. ही कवायत आजच्या स्वरूपात कशी आली, हे त्यांना माहीत नसते.

१३ जानेवारी २०१२ च्या संध्याकाळी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे चार हजारांहून अधिक माणसांचे जहाज रोमजवळच्या चिवितावेकिया बंदरातून निघाले. प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत कवायत घ्यावी, असा तेव्हाचा नियम होता. त्यानुसार या बंदरात चढलेल्या सुमारे सातशे प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. निघाल्यानंतर काही तासांतच, रात्री पावणेदहाच्या सुमारास, जहाज गिग्लिओ बेटाजवळच्या खडकावर आदळले. जहाज सोडण्याचा आदेश निघायला तासाहून अधिक वेळ गेला. आपली लाइफबोट कोणती, जमायचे कुठे, हे अनेकांना ठाऊक नव्हते. कललेल्या जहाजावर एका बाजूच्या नौका खाली सोडणेही अवघड झाले. ३२ जण दगावले. त्यांत मुंबई परिसरातील एक तरुण वेटर होता. जहाज जेनोआच्या बंदरात ओढून नेल्यानंतर, नोव्हेंबर २०१४ मध्ये, त्याचे अवशेष सापडले. सर्वांत शेवटी सापडलेला तोच.

या दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. महाराष्ट्राला तर या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज पडू नये. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

करोनानंतर अनेक कंपन्यांनी कवायतीचे स्वरूप सुटसुटीत केले आहे. सूचनांची चित्रफीत मोबाइलवर किंवा केबिनमधील टीव्हीवर पाहायची आणि मग आपल्या जमण्याच्या जागी जाऊन हजेरी लावायची. तेवढ्यात भागत असले, तरी केबिनपासून त्या जागेपर्यंतची वाट एकदा जिन्याने चालून पाहावी, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही. सात किंवा अधिक आखूड भोंगे आणि त्यानंतर एक लांब भोंगा, हा धोक्याचा संकेत जगभर एकच आहे. तो घरातील प्रत्येकाला, मुलांनाही, पाठ असावा. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांना कोणी न्यायचे, हे त्याच वेळी ठरवून टाकावे.

पैशाचा व्यवहार जहाजावर रोखीने होत नाही. केबिनची किल्ली असलेले कार्डच सर्वत्र चालते आणि हिशेब शेवटच्या दिवशी होतो. ही सोय खर्च विसरायला लावते. तिकिटात राहणे, मुख्य भोजनगृहातील जेवण आणि बहुतेक करमणूक येते. मद्य, शीतपेये, इंटरनेट, मसाज, खास उपाहारगृहे आणि किनाऱ्यावरच्या सहली सहसा वेगळ्या मोजाव्या लागतात. सेवकांच्या बक्षिसीपोटी अनेक अमेरिकी कंपन्या दर माणशी दर दिवशी १६ ते २० डॉलरच्या आसपास रक्कम आपोआप खात्यावर टाकतात. चार जणांच्या कुटुंबाला आठवड्यात हा आकडा चांगलाच जाणवतो, तेव्हा तो आधीच हिशेबात धरावा. खात्याला डेबिट कार्ड जोडल्यास कंपनी काही रक्कम अडकवून ठेवते आणि ती सुटायला दिवस लागतात. क्रेडिट कार्ड बरे. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घेतले आहेत ना, हे घरीच पाहावे. मोबाइल तर जहाज सुटताच 'फ्लाइट मोड'वर टाकावा. किनाऱ्याचे जाळे संपले की फोन जहाजावरील उपग्रह सेवेशी आपोआप जोडला जातो आणि नेहमीच्या आंतरराष्ट्रीय पॅकमध्ये ती बहुधा नसते.

जेवणाची चिंता मराठी प्रवाशाने फार करू नये. शाकाहारी आणि जैन जेवणाची नोंद आरक्षणाच्या वेळीच केली आणि पहिल्या रात्री भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून सांगितले, तर बहुतेक ठिकाणी वरणभाताच्या जवळपासचे काहीतरी मिळते. स्वयंपाकघरात आणि टेबलांवर गोव्याची, मुंबईची मुले भेटतात. गोव्यात जहाजावर जाणाऱ्याला 'तारवटी' म्हणतात आणि कितीतरी घरांचा संसार या नोकरीवर उभा राहिला आहे. महिनोन्‌महिने घराबाहेर असलेला असा एखादा तारवटी आपली भाषा कानावर पडली की आपणहून बोलायला येतो. आंतरराष्ट्रीय कराराने त्यांच्या कामाची कमाल मर्यादाच दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तासांची ठरविली आहे, हे मध्यरात्री चहा मागविताना ध्यानात असलेले बरे.

बुफेच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. दाराशी ठेवलेल्या सॅनिटायझरवर भागवू नये. जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ पसरविणाऱ्या नोरोव्हायरसवर मद्यार्कयुक्त द्रावणाचा परिणाम कमी होतो. साबण आणि पाणी हाच भरवशाचा उपाय.

किनाऱ्यावर उतरण्याचा दिवस हा खरा कसोटीचा. माहितीपत्रकात 'रोम' छापलेले असते, पण जहाज लागते ते चिवितावेकियाला, शहरापासून सत्तरएक किलोमीटरवर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, 'बँकॉक' म्हणजे बहुधा लाएम चाबांग, 'क्वालालंपूर' म्हणजे पोर्ट क्लांग. जाण्यायेण्याचा वेळ वजा केला की हातात चार-पाच तास उरतात. सँटोरिनीसारख्या ठिकाणी जहाज समुद्रातच थांबते आणि प्रवासी लहान नौकांनी किनाऱ्याला जातात. म्हणजे पुन्हा आपला तो जुना पडावच. तिथून वर गावात जायला केबल कारची रांग किंवा साडेपाचशेहून अधिक पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि चाकाच्या खुर्चीतील प्रवाशांनी अशी बंदरे कोणती, हे आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे.

परतण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते. किनाऱ्यावरची वेळ तासाने पुढेमागे असू शकते आणि मोबाइल ती स्वतःहून बदलतो. साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवणे, हा जुन्या प्रवाशांचा बिनचूक उपाय आहे. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबते; स्वतः टॅक्सी करून गेलेल्यासाठी थांबत नाही. मागे राहिलेल्या प्रवाशाला पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावे लागते आणि भारतीय पारपत्रावर त्यासाठी व्हिसाचा नवा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून पारपत्राची आणि व्हिसाची प्रत, थोडे स्थानिक चलन, दिवसाची औषधे आणि बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक खिशात ठेवूनच उतरावे. हा क्रमांक जहाजाच्या दैनिक पत्रकात छापलेला असतो.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या पहाटेपूर्वी उचलल्या जातात आणि सकाळी धक्क्यावरच्या शेडमध्येच पुन्हा दिसतात. सगळे कपडे बॅगेत भरून झोपलेले आणि सकाळी रात्रीच्या पोशाखात बाहेर यावे लागलेले प्रवासी जवळजवळ प्रत्येक सफरीत असतात. उद्याचे कपडे, चपला, पारपत्र, चष्मा आणि सकाळच्या गोळ्या हातातल्या पिशवीत बाजूला काढून ठेवाव्यात. बिल त्या रात्रीच किंवा पहाटे हाती येते. त्यातील चूक दाखवायची असेल तर स्वागतकक्षापुढे रांग लागण्याआधी, रात्रीच जाऊन यावे. परतीचे विमान दुपारनंतरचेच घ्यावे. धुक्यामुळे किंवा धक्का रिकामा नसल्यामुळे जहाजाला दोन तासांचा उशीर होऊ शकतो, आणि तेवढा वेळ सगळे प्रवासी डेकवर उभे राहून किनाऱ्याकडे पाहत असतात.