संकल्प कोणाचा आणि कशावर?

ऑक्टोबर १९६४ मध्ये सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह सत्तेवरून गेले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या परिभाषेत त्यांच्या कारभारावर शिक्का बसला : व्हॉलंटरिझम. जिथे मका पिकत नाही तिथेही मका लावण्याचा आग्रह, पक्षसमित्यांची उद्योग आणि शेती अशी फाळणी. थोडक्यात, परिस्थितीचे नियम न जुमानता मनात येईल ते रेटणे, हा त्या शिक्क्याचा अर्थ. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात हाच शब्द चौदाव्या शतकातल्या ऑकमच्या विल्यमला लावतात आणि एकोणिसाव्या शतकातल्या शोपेनहाउएरलाही. या तिघांना एका बाकावर बसवले, तर एकमेकांशी बोलण्यासारखे त्यांच्यापाशी फारसे निघणार नाही.

व्हॉलंटरिझमला आपण संकल्पवाद म्हणू. त्याच्या सगळ्या अर्थांत समान धागा एवढाच, की कशाच्या तरी तुलनेत संकल्पाला अग्रमान दिलेला असतो. बाकी सारे दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. संकल्प कोणाचा? आणि त्याच्यावर अवलंबून काय? उत्तर बदलले की सिद्धान्तच बदलतो. एका अर्थाने संकल्पवादी असलेला विचारवंत दुसऱ्या अर्थाने संकल्पवादाचा विरोधक असू शकतो.

सर्वांत जुना वाद ईश्वराच्या संकल्पाचा. एखादे कृत्य ईश्वराला मान्य आहे म्हणून ते चांगले, की चांगले आहे म्हणून त्याला मान्य? प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ संवादातला हा पेच मध्ययुगीन ख्रिस्ती विचारात धारदार झाला. थॉमस अक्वायनसने (१२२५–१२७४) बुद्धीला अग्रस्थान दिले. डन्स स्कॉटस आणि ऑकम यांनी पारडे संकल्पाकडे झुकवले; पण सारखेच नव्हे. स्कॉटसच्या मते ईश्वरावर प्रेम करावे हा नियम खुद्द ईश्वरालाही बदलता येणार नाही. माणसामाणसांतल्या व्यवहाराच्या आज्ञा मात्र त्याच्या इच्छेवर आहेत. ऑकम याच्या पुढे गेला : ईश्वराने आज्ञा केली असती तर चोरीही पुण्यकारक ठरली असती. यावर लायब्निझने १६८६ मध्ये घेतलेला आक्षेप मला बिनतोड वाटतो. ईश्वराने उलटे केले असते तरी तेही तितकेच चांगले ठरणार असेल, तर त्याने केले त्याबद्दल त्याची स्तुती कशासाठी? पण हा आक्षेप ऑकमला जितका लागतो तितका स्कॉटसला लागत नाही. देकार्तची तर तऱ्हाच वेगळी. १६३० च्या पत्रांत त्याने गणिताची सत्येसुद्धा ईश्वराच्या संकल्पाधीन करून टाकली. नीती आणि गणित या दोन अधीनता एकच नव्हेत.

इथे मीमांसकांचे उदाहरण उपयोगी पडते. धर्म कळतो तो वेदातल्या विधिवाक्यांतून, म्हणजे आज्ञांतून, असे ते मानतात. पण वेद अपौरुषेय, त्यामुळे आज्ञा देणारा कोणीच नाही. आज्ञा आहे, संकल्प नाही. म्हणून नीतीचे मूळ आज्ञेत शोधणारे प्रत्येक मत संकल्पवादी असतेच असे नाही. पाश्चात्त्य चर्चेत हा फरक सहसा नजरेआड होतो, कारण तिथे आज्ञेमागे कोणी आज्ञाकर्ता नसेल ही शक्यता फारशी धरली जात नाही.

दुसरा वाद माणसाच्या संकल्पाचा आहे, आणि माझ्या मते घसरण्याची जागा तीच. हात उचलायचा की नाही हे मी ठरवतो. तसे एखादी गोष्ट खरी मानायची की नाही हेही मी ठरवू शकतो का? देकार्तच्या मते निर्णय देणे हे संकल्पाचे काम. बुद्धी फक्त कल्पना पुढे ठेवते. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्य याच ठिकाणी रेघ ओढतात. कर्म पुरुषतंत्र, ज्ञान वस्तुतंत्र. घोड्यावरून जावे, पायी जावे किंवा जाऊच नये, हे कर्त्याच्या हाती. समोर खांब आहे की माणूस, हे मात्र खांबावर अवलंबून. छांदोग्य उपनिषदात पुरुषाला अग्नी समजून उपासना सांगितली आहे. आचार्य म्हणतात, ती करता येते, कारण ती मानसिक क्रिया आहे; पण चुलीतल्या अग्नीला अग्नी म्हणून ओळखणे कोणाच्या आज्ञेने होत नाही. म्हणजे मनात घडते ते सगळे ज्ञान नव्हे, आणि संकल्पाचा अधिकार मनातल्या क्रियांवर चालतो, ज्ञानावर नाही. विल्यम जेम्सच्या १८९६ च्या व्याख्यानावर ‘वाटेल ते खरे मानायची मुभा’ असा आरोप होतो, तो अन्यायाचा आहे. पुरावा निकाल देऊ शकत नाही, निवड टाळता येत नाही आणि पर्याय जिवंत व महत्त्वाचा आहे, अशाच ठिकाणी जेम्स श्रद्धेला वाव देतो.

शोपेनहाउएरचा संकल्प कोणाचाच नाही. त्याच्या मते जगाच्या मुळाशी आंधळी, हेतुशून्य इच्छा आहे; दगड पडतो त्यातही तीच. ज्याला संकल्पवादाचा महापुरुष म्हणतात त्याने १८३९ च्या निबंधात माणसाच्या कृतींचे स्वातंत्र्य नाकारले, हे लक्षात घेतले की ख्रुश्चेव्हवरच्या आरोपापासून तो किती दूर आहे ते कळते. तिथे तक्रार होती ती एका माणसाच्या मनमानीची. इथे त्या माणसाची मर्जीही मूळ इच्छेची बाहुली आहे. मनोव्यापारांत संकल्पाला केंद्रस्थान देणारा विल्हेल्म वुंटचा संकल्पवाद हे मानसशास्त्रातले मत. त्याला यातले काहीच सांगायचे नाही.

राज्यशास्त्रात विषय आणखी बदलतो. राज्याचा अधिकार प्रजेच्या संमतीतून येतो, असे लॉकने मानले. राज्यात राहणे हीच मूक संमती. ह्यूमने १७४८ मध्ये विचारले : झोपेत जहाजावर आणलेल्या माणसाने भर समुद्रात उडी मारली नाही, म्हणून त्याने कप्तानाला संमती दिली म्हणायचे का? संमतीचा पक्ष घेणाऱ्याने नकार कसा द्यायचा हेही सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ऑबेरॉन हर्बर्टने ते सांगितले : करसुद्धा ऐच्छिक असावा. ही ऐच्छिकता राज्याच्या सक्तीविरुद्धची आहे, बुद्धीविरुद्धची नाही. आणि विनामोबदला समाजसेवा करणाऱ्या स्वयंसेवकाचा या सगळ्याशी संबंध केवळ शब्दसाम्याचा. अक्वायनसचा कट्टर अनुयायीही रक्तदान शिबिरात खुशाल रांग लावू शकतो. हर्बर्टचा अनुयायी मात्र ते शिबिर सरकारी पैशावर चालत असेल तर आधी हरकत घेईल.