सुटणार नाही असं पातं

सध्या मुक्काम भिलाई, सेक्टर 2. रस्ते सरळ, झाडं जुनी, क्वार्टर एकसारखे. पहिल्या आठवड्यात मी दोनदा दुसऱ्याच्या दारात जाऊन चप्पल काढली होती. रात्री कारखान्याच्या बाजूचं आभाळ मधूनच तांबडं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आग लागली असं वाटून मी बाहेर पळालो. शेजारचे काका कारखान्यातून निवृत्त झालेले. ते हसून म्हणाले, "बसा साहेब, भट्टीची मळी ओततायत."

अशा लोखंडाच्या गावात असताना मार्चमध्ये माझ्या जुन्या बडीचा कोल्हापूरकडून फोन आला. निवृत्त झाल्यापासून तो गावातल्या पोरांना मर्दानी खेळ शिकवतो. लाठी, दांडपट्टा, तलवार. पोरांनी मोबाईलवर परदेशातल्या कापण्याच्या स्पर्धा पाहिल्या आणि आपल्याकडेही तसं काही करू म्हणून त्याच्या मागे लागली. तो म्हणाला, "तू लोखंडाच्या गावात आहेस. एक पातं बनवून आण. कसं कापेल ते नंतर बघू. पण सुटता कामा नये."

तो असं का म्हणाला, ते मला सांगावं लागणार नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी ईशान्येच्या जंगलात आमच्या प्लाटूनांची बांबू तोडायची शर्यत लागली होती. हत्यारं बाजारातून आणलेली. माझ्या हातातल्या दावाची मूठ म्हणजे नुसता लाकडी दांडा, त्यात पात्याची बोटभर शेपटी ठोकलेली. सातव्या की आठव्या घावाला मूठ माझ्या हातात राहिली आणि पातं गेलं. शेजारी उभा असलेला हाच गडी. उजव्या मनगटाच्या शिरा तुटल्या. ऑपरेशन झालं, हात वाचला, पण दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि त्याचं पुढचं सगळं बदललं. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. मी मात्र त्या दिवसापासून कुठलंही हत्यार हातात घेतलं की आधी मूठ ओढून बघतो.

तर हे पातं बनवायला बसलो आणि वाचता वाचता इतिहासात शिरलो.

सुरुवात पायाखालच्या मातीपासून करतो. भिलाईचं लोखंड राजहऱ्याच्या डोंगरातलं. तिथल्या खनिजाची नोंद प्रमथनाथ बोस या भूगर्भशास्त्रज्ञाने 1887 मध्ये केली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा पोलाद कारखान्यासाठी जागा शोधत नागपूरला आले. ज्या साहेबाला भेटायचं तो जागेवर नव्हता, म्हणून वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात तेच हे. तिथे भिंतीवरच्या नकाशात दुर्गजवळ लोखंडाची खूण दिसली आणि माणसं राजहऱ्याकडे निघाली. टाटांचा कारखाना शेवटी जमशेदपूरला झाला. राजहऱ्याचा डोंगर आणखी पन्नासेक वर्षं वाट बघत राहिला. 2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत संघाशी भिलाईचा करार झाला, तेव्हा हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. त्याच्याही आधी, 1854 पर्यंत, छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात. म्हणजे मराठी माणसाला हे गाव परकं नाही. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. आज इथे 260 मीटर लांबीचे रेल्वेचे रूळ बनतात, आणि आपल्या विक्रांत युद्धनौकेच्या पोलादातही भिलाईचा वाटा आहे.

पण या भागात लोखंड काही 1959 ला आलं नाही. मैकलच्या डोंगरातले आगरिया पिढ्यान् पिढ्या मातीच्या लहान भट्टीत, कोळशावर, पायाने भाता दाबून लोखंड गाळत आले. व्हेरियर एल्विन यांनी 1942 मध्ये त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. काकांच्या कारखान्याची भट्टी कित्येक मजले उंच, आगरियांची माणसाच्या कमरेइतकी. काम दोघींचं एकच: दगडातून लोखंड वेगळं करणं.

मी पॉवर हाऊसच्या बाजूला एक लोहार गाठला. विळे, कुऱ्हाडी, गवंड्याची हत्यारं करणारा. कागदावर काढलेलं चित्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चित्राकडे पाहिलंच नाही. छत्तीसगढीत एवढंच विचारलं, "का काटहू साहेब?" काय कापणार?

मला नीट उत्तर देता आलं नाही. क्वार्टरवर परत आलो आणि विचार करत बसलो. आजवर ज्याने ज्याने पातं घडवलं, त्याला हा एकच प्रश्न आधी सोडवावा लागला.

आपला दांडपट्टा घ्या. 2024 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. लांब, सरळ, दुधारी, लवचिक पातं. यातली बरीच पाती युरोपातून आलेली, म्हणून आपल्याकडे फिरंग हा शब्द. पण पट्ट्याची खरी कमाल पात्यात नाही, मुठीत आहे. कोपराच्या दिशेने चढणारा लोखंडी खोबळा, आत आडवी मूठ, वर हात अडकवायला पट्टी. मनगट वळतच नाही, वार खांद्यातून येतो. आणि मूठ क्षणभर ढिली पडली तरी हत्यार हातातून जात नाही. माझ्या दोस्ताला जे हवं होतं ते आपल्या कारागिरांनी कधीच करून ठेवलं होतं. पट्टेबाज आडव्या झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं लिंबू कापतो तेव्हा टाळ्या लिंबू कापल्याच्या पडतात. खरी विद्या असते पातं कातडीच्या आधी थांबवण्यात.

दुसरी गोष्ट निजामाच्या मुलखातली. कॅप्टन नोलन नावाचा इंग्रज घोडदळाचा अधिकारी हिंदुस्थानात नोकरीला होता. क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाला लाइट ब्रिगेडने तोफांवर जो प्रसिद्ध हल्ला केला, त्याचा हुकूम घेऊन जाणारा आणि त्याच दिवशी, 25 ऑक्टोबर 1854 ला मरण पावलेला तोच हा नोलन. त्याआधी 1853 मध्ये त्याने घोडदळावर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की निजामाच्या स्वारांनी एका चकमकीत तलवारीने हातपाय साफ तोडल्याचं त्याच्या कानावर आलं. ही कुठली जादूची तलवार म्हणून तो बघायला गेला. पाहतो तर काय, पाती इंग्रज घोडदळानेच जुनी म्हणून काढून टाकलेली! स्वारांनी त्यांना देशी मूठ बसवली, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. लढाईशिवाय ती बाहेर काढायची नाही, असा शिरस्ता. इंग्रज स्वाराची तलवार पोलादी म्यानात. दर कवायतीला बाहेर, दर कवायतीला आत, आणि प्रत्येक वेळी धार म्यानावर घासून बोथट. पोलाद तेच होतं, सांभाळणारे हात वेगळे.

याचा शेवट गमतीचा आहे. कापावं की भोसकावं यावर ब्रिटिश घोडदळात शंभर वर्षं वाद चालला, आणि 1908 मध्ये त्यांनी जी तलवार काढली ती जवळजवळ फक्त भोसकण्यासाठी. तोपर्यंत मशीनगन आली होती आणि त्या वादाला काही अर्थ उरला नव्हता. कापणं मग खेळात राहिलं. टेंट पेगिंगमध्ये दौडत्या घोड्यावरून टांगलेलं लिंबू कापतात, ते आपल्यातल्या घोडदळवाल्यांनी केलंही असेल.

तिसरं पातं गोरखा भावांची खुकुरी. वजन पुढच्या पोटात, त्यामुळे घाव स्वतःच्या वजनाने बसतो. नेपाळचे कामी लोहार ट्रकच्या कमानपाट्यातून ती घडवतात आणि पाणी देताना किटलीने फक्त धारेवर ओततात. धार कडक, पाठ चिवट. तिच्या एका प्रकारात पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग जातं आणि दोन्ही बाजूंनी लाकूड रिव्हेटने बसवतात. तिथे मूठ निसटायला जागाच नाही.

आता पोरांनी पाहिलेली अमेरिकेतली स्पर्धा. तिथे जाड फळी तोडायची, टांगलेला दोर एका घावात कापायचा, पाण्याच्या बाटल्या आडव्या छाटायच्या, वर सरबताची नळीही न वाकवता कापायची. फळीला जाड पातं लागतं, नळीला पातळ धार. दोन्ही एकाच सुरीत आणायचं म्हणजे कसरत. सुरीला मापाची मर्यादा आहे: पातं 10 इंच, एकूण लांबी 15 इंच, रुंदी 2 इंच. हाताला दोरी सक्तीची. आणि सुरक्षेची परीक्षा पास झाल्याशिवाय स्पर्धेत उभं करत नाहीत. हे वाचून मला ती माणसं आवडली.

आपल्याकडे कायदाही बघावा लागतो. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पातं, घरगुती, शेती वगैरे कामाचं सोडून, शस्त्रात मोजतात. म्हणून मी लांबी साडेआठ इंच धरली आणि रुंदी पावणेदोन. खाकी आणि हिरव्या कपड्यात आयुष्य काढलेल्यांनी तरी पळवाटा शोधू नयेत.

पाठीची जाडी 6 मिलीमीटर. धारेकडे येताना दोन्ही गाल किंचित फुगीर, म्हणजे लाकडात रुतून बसत नाही आणि धारही लवकर तुटत नाही. तोल मुठीच्या दोन बोटं पुढे. मूठ शिसवीची, मागे जाड, म्हणजे घामाने हात घसरला तरी अडतो. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग, तीन रिव्हेट. पुढच्या टोकाला दोरीचं भोक, दोरी इतकी आखूड की हात सुटला तरी पातं मनगटाकडे वळू नये. हे सगळं आधी पुठ्ठ्यात कापलं, मग लाकडात, आणि मग पुन्हा लोहाराकडे गेलो. या वेळी काय कापणार ते त्याला सांगता आलं.

पहिलं पातं माझ्या शहाणपणाने गेलं. खुकुरीला पाणी देतात हे वाचलं होतं, किटली विसरलो. लोहार नको म्हणत असताना अख्खं तापलेलं पातं बादलीत बुडवायला लावलं. बारीक 'टिंग' आवाज आला. धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी चीर. लोहार काही बोलला नाही, पातं भंगारात टाकलं आणि बिडी पेटवली.

संध्याकाळी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "कमानपाट्याला एवढी घाई सोसत नाही, साहेब. तेल कोमट करा." दुसऱ्या खेपेला तेही लोहाराकडे आले. चुंबक चिकटायचं थांबलं की पोलाद तयार, ही त्यांची खूण. मग कोमट तेल. पातं काचेसारखं कडक झालं. कडक म्हणजे तुटकं, म्हणून त्याच रात्री आमच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये 200 अंशांच्या थोडं वर, तासतासभर, दोनदा भाजलं. घासलेली बाजू पेंढ्याच्या रंगावर आली तेव्हा काकांनी मान हलवली. बायकोने सांगून ठेवलंय की या ओव्हनमध्ये आता केक होणार नाही.

कसोटी क्वार्टरमागे घेतली. अमेरिकेतल्या लोहारांच्या संघटनेत कारागिराची परीक्षा असते. टांगलेला इंचभर जाडीचा दोर एका घावात, मग जाड फळी दोनदा आरपार, आणि त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं पकडीत धरून 90 अंश वाकवतात. वाकवणं मी टाळलं, पातं एकच होतं. दोर दुसऱ्या घावाला कापला, पहिला घाव माझा तिरपा पडला. फळी दोनदा तुटली. केस थोडे निघाले. मग मी मूठ शिकंज्यात धरून पातं चिंध्यांत गुंडाळलं आणि जीव खाऊन ओढलं, पिरगळलं, हातोडीने ठोकलं. तीन रिव्हेटपैकी एकही हलला नाही.

मे महिन्यात सुट्टी मिळाली. गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस धरली. पातं लाकडी म्यानात, नोलनची आठवण ठेवून, आणि म्यान ट्रंकेच्या तळाशी कुलपात. कोल्हापूरला बडी स्टेशनवर आला होता. घरी पोचल्यावर त्याने म्यान उघडलं. धारेवर बोट फिरवलं नाही, कशावर घाव घालून पाहिला नाही. डाव्या हाताने मूठ धरली, उजव्या हाताची मिटतील तेवढी बोटं पाठीवर ठेवली आणि ओढून पाहिलं. मग परत ओढलं.

"बसलंय," तो म्हणाला. "चल, जेवू."

दुसऱ्या दिवशी तालमीत त्याने पोरांना पातं दाखवलं, पण हातात दिलं नाही. आधी महिनाभर लाकडी पातं, दोरी बांधायची सवय, समोर आणि बाजूला माणूस नाही याची खात्री. तो म्हणाला, पातं हातात दिल्यावर पहिला धडा ते थांबवायचा असेल. मी कडेला उभं राहून ऐकत होतो. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जुनी खुकुरी, कोयता, दाव पडून असेल त्यांनी आज एकदा मूठ ओढून बघा. हलत असेल तर वापरू नका, लोहाराकडे न्या.

जय हिंद.