ईबी-२ व्हिसा

ईबी-२ (रोजगाराधारित द्वितीय प्राधान्य) हा अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्थलांतरित व्हिसाचा एक प्रवर्ग आहे. उच्च पदवीधर व्यावसायिक, तसेच विज्ञान, कला किंवा व्यवसाय या क्षेत्रांत असाधारण क्षमता असलेल्या परदेशी व्यक्तींसाठी तो राखलेला आहे. एच-१बी हा तात्पुरत्या नोकरीसाठीचा व्हिसा असतो. ईबी-२ द्वारे मात्र कायम वास्तव्याचा हक्क, म्हणजेच ग्रीन कार्ड, मिळतो. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी २९ नोव्हेंबर १९९० रोजी स्वाक्षरी केलेल्या इमिग्रेशन कायद्याने रोजगाराधारित व्हिसाचे सध्याचे पाच प्रवर्ग अस्तित्वात आले.

पात्रता

अर्जदाराकडे पदव्युत्तर किंवा त्याहून वरची पदवी असावी लागते. पदवीनंतर संबंधित क्षेत्रात वाढत्या जबाबदारीचा किमान ५ वर्षांचा अनुभव असल्यास तो पदव्युत्तर पदवीच्या तोडीचा मानला जातो. भारतातील तीन वर्षांची पदवी एकटी असल्यास ती सहसा अमेरिकी पदवीशी समकक्ष धरली जात नाही. असाधारण क्षमता सिद्ध करण्यासाठी सहापैकी किमान तीन निकष पूर्ण करावे लागतात. १० वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, व्यवसायाचा परवाना व व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व हे त्यांपैकी काही होत.

प्रक्रिया

सर्वसाधारणपणे प्रक्रियेचे तीन टप्पे असतात. प्रचलित वेतनावर त्या पदासाठी पात्र व इच्छुक अमेरिकी कामगार उपलब्ध नाही, असे प्रमाणपत्र नियोक्ता प्रथम श्रम विभागाकडून मिळवतो. त्यानंतर तो आय-१४० हा अर्ज दाखल करतो. व्हिसा क्रमांक उपलब्ध झाल्यावर कर्मचारी अमेरिकेतच दर्जाबदलासाठी अर्ज करतो किंवा मायदेशातील वाणिज्य दूतावासात मुलाखत देतो. भारतातील अशा मुलाखती मुख्यतः मुंबईत होतात.

राष्ट्रहित सवलत

ज्यांचे कार्य अमेरिकेच्या हिताचे आहे, त्यांना नोकरीचा प्रस्ताव व श्रम प्रमाणपत्र या अटींतून सूट मिळू शकते आणि ते स्वतःच अर्ज करू शकतात. यासाठीचे त्रिसूत्री निकष २०१६ च्या धनसर निवाड्यात निश्चित झाले. ही सूट मिळाली तरी प्रतीक्षायादीतील क्रम मात्र टळत नाही.

वार्षिक मर्यादा व प्रतीक्षा

रोजगाराधारित व्हिसांची वार्षिक संख्या सुमारे १,४०,००० असून त्यांतील २८.६ टक्के ईबी-२ साठी असतात. जोडीदार व अपत्येही याच संख्येत मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक व्हिसा येत नाहीत. हा देश नागरिकत्वावरून नव्हे, तर जन्मस्थानावरून ठरतो. त्यामुळे भारतात जन्मलेल्या अर्जदारांची रांग अतिशय लांबली आहे. श्रम प्रमाणपत्राच्या अर्जाचा दिनांक ही अर्जदाराची 'प्राधान्य तारीख' असते. २०२४ साली अमेरिकी परराष्ट्र विभागाच्या मासिक व्हिसा पत्रकात भारतासाठीची ईबी-२ ची अंतिम तारीख २०१२ मधीलच होती.

परिणाम

आय-१४० मंजूर झालेल्या, परंतु रांगेत असलेल्या कर्मचाऱ्यांना २००० च्या कायद्यानुसार एच-१बी व्हिसाची सहा वर्षांपुढेही मुदतवाढ मिळते. त्यांच्या जोडीदारांना २०१५ पासून नोकरीचा परवाना मिळू शकतो. अपत्याने २१ वर्षे पूर्ण केल्यास मात्र ते पालकांच्या अर्जातून वगळले जाते. २००२ च्या बालदर्जा संरक्षण कायद्याने वयगणनेत दिलेली सवलत दीर्घ प्रतीक्षेत अपुरी पडते. देशनिहाय मर्यादा हटवणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने जुलै २०१९ मध्ये, तर त्याचे सुधारित रूप सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये संमत केले. दोन्ही सभागृहांत एकाच मसुद्यावर सहमती न झाल्याने त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.